झोपडीच्या पात्रतेचे पुरावे कसे जुळवून ठेवावेत

मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली की घर कोणाला मिळणार, हे परिशिष्ट-२ या यादीवरून ठरते. 1 जानेवारी 2000 पर्यंतच्या झोपडीतील पात्र रहिवाशाला 300 चौरस फुटांचे घर मोफत मिळते. त्यानंतर 1 जानेवारी 2011 पर्यंत उभ्या राहिलेल्या झोपडीसाठी मात्र अडीच लाख रुपये भरावे लागतात. एवढा फरक एखाद्या कागदावरच्या तारखेने पडतो, म्हणून सर्वेक्षणाची नोटीस लागण्याआधीच पुरावे गोळा करावेत.

सिद्ध करायच्या गोष्टी दोन: झोपडी त्या तारखेपूर्वीची आहे आणि आजही आपणच तिथे राहतो. पहिलीसाठी मतदारयादीतील नोंद सर्वांत वजनदार ठरते. 26 जुलै 2005 च्या पुरात अनेकांचे कागद वाहून गेले. अशा कुटुंबांनी जुन्या यादीची प्रमाणित प्रत निवडणूक नोंदणी अधिकाऱ्याच्या कार्यालयातून मागावी. सोबत फोटोपास (झोपडीधारकाला सरकारकडून मिळालेले छायाचित्रासह ओळखपत्र), जुने वीजबिल, शिधापत्रिका, मुलांच्या शाळेचा पत्ता असलेला दाखला असे जे हाती असेल ते वर्षवार लावावे. दुसऱ्या गोष्टीसाठी अलीकडचे वीजबिल आणि चालू मतदारयादी पुरेशी बोलकी असते.

अडचण बहुधा नावात येते. यादीत ‘शांताबाई गणपत’ आणि बिलावर ‘शांता जी.’ असे असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे. घर पती-पत्नीच्या संयुक्त नावे दिले जाते, त्यामुळे पत्नीच्या नावाचे पुरावेही तितक्याच काळजीने जपावेत. घरोघरी हेच राहून जाते. झोपडी विकत घेतलेली असल्यास खरेदीचा कागद एकटा पुरत नाही. आधीच्या मालकाचे जुने पुरावे व्यवहाराच्या वेळीच मागून घ्यावेत, कारण तो गावी निघून गेल्यावर ते मिळवणे जवळजवळ अशक्य होते.

सर्वेक्षणाच्या दिवशी घरातील जाणत्या माणसाने कामाचा खाडा करूनही घरी थांबावे, कारण कुलूप दिसले की ‘घर बंद’ अशी नोंद होते आणि ती पुसून काढायला फार खेटे घालावे लागतात. दारावर टाकलेल्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवावा. मूळ कागद दाखवावेत, पण द्याव्यात त्या प्रतीच; ‘पात्र करून देतो’ म्हणणाऱ्या दलालाच्या हाती तर मूळ कागद मुळीच पडू देऊ नयेत.

प्रारूप यादी लागली की नाव, झोपडी क्रमांक, क्षेत्रफळ आणि निवासी की व्यावसायिक ही नोंद स्वतः वाचावी. चूक असल्यास दिलेल्या मुदतीत लेखी हरकत घेऊन शिक्क्याची पोच घ्यावी. अंतिम यादीत अपात्र ठरल्यास त्याचे कारण लेखी मागावे आणि नेमका तोच उणा पुरावा जोडून मुदतीत अपील करावे.