जुने जपानी पिक्चर बघायचेत? मग सेव्हन सामुराय सगळ्यात आधी लावू नका

नेहमी असंच होतं. कुणीतरी ठरवतं की आता जरा जगातले नावाजलेले जुने पिक्चर बघायचे, गूगलवर लिस्ट काढतं, लिस्टमध्ये टोकियो स्टोरी नाहीतर सेव्हन सामुराय वरच दिसतो, तो रविवारी दुपारी भरपेट जेवून लावतं आणि पाऊण तासात डुलक्या सुरू. मग पुढे वर्षभर "आपल्याला नाही बुवा झेपत ते आर्ट फिल्मवालं". अहो पिक्चरही चांगला आहे आणि तुम्हीही काही ढ नाही, फक्त क्रम चुकला. लिस्टवाले नंबर लावतात ते दर्जाप्रमाणे, नवीन माणसाला कुठून शिरायला सोपं जाईल याचा विचार त्यात नसतो.

तर माझा क्रम असा. पहिला लावा हाय अँड लो, 1963 चा, अकिरा कुरोसावाचा. यात सामुराय नाहीत, तलवारी नाहीत, सरळ किडनॅपिंगची केस आहे. गोंडो म्हणून बूट कंपनीतला बडा माणूस, कंपनी ताब्यात घ्यायला घरदार गहाण टाकून पैसा उभा केलाय, आणि नेमका तेव्हाच फोन येतो की तुझा पोरगा उचललाय, तीन कोटी येन तयार ठेव. आणि मग कळतं की ह्याचा पोरगा घरातच आहे, उचललाय तो चुकून ड्रायव्हरचा मुलगा! आता द्यायचे का पैसे? पहिला जवळपास तासभर सगळं त्या एकाच दिवाणखान्यात चालतं आणि तरी हलावंसं वाटत नाही. इथेच एक सवय लावून घ्या, डायलॉगबरोबर माणसं कुठे उभी आहेत ते पण बघा. मालक, बायको, पोलिस, सगळे खोलीभर आणि ड्रायव्हर बिचारा बाजूला मान खाली घालून. त्याला काही बोलावंच लागत नाही. त्या काळचे जपानी दिग्दर्शक निम्मी गोष्ट अशी उभ्या-बसलेल्या माणसांतून सांगतात, हे एकदा डोळ्याला कळलं की पुढचे सगळे पिक्चर सोपे होतात. नंतर गोष्ट दिवाणखान्यातून धाडकन रेल्वेत जाते, तो सीन मी सांगत नाही. अख्ख्या ब्लॅक अँड व्हाइट पिक्चरमध्ये एकच गोष्ट रंगीत आहे, ती पण तुम्हीच शोधा.

दुसरा हाराकिरी, 1962, मासाकी कोबायाशी. ह्याला फ्रान्समधल्या कान फिल्म फेस्टिव्हलला ज्युरींचं खास बक्षीस मिळालं होतं पण ते जाऊ दे. 1630 सालची गोष्ट, एक बेकार सामुराय एका बड्या सरदाराच्या वाड्यावर येतो आणि म्हणतो मला तुमच्या अंगणात पोट फाडून मरायचंय, परवानगी द्या. एवढ्यावरून जो ताण सुरू होतो तो शेवटपर्यंत सुटत नाही, आणि मारामारी म्हणाल तर बराच वेळ नाहीच, बहुतेक पिक्चर म्हणजे एक माणूस अंगणात मांडी घालून बसलाय आणि गोष्ट सांगतोय. त्या सामुरायचं काम करणाऱ्या तात्सुया नाकादाईचा आवाज ऐका, म्हणूनच सांगतो डब केलेलं चुकूनही लावू नका. ह्याचं ट्रेलर बघू नका, प्लॉट वाचू नका, आणि ज्याने आधी बघितलाय त्याच्या शेजारी बसू नका.

आता थोडं प्रॅक्टिकल. प्रिंट बघून घ्या. जुन्या खराब कॉपीत पांढरे सबटायटल पांढऱ्या किमोनोवर येतात आणि काही म्हणजे काही वाचता येत नाही, निम्मी माणसं त्यातच कंटाळतात आणि दोष पिक्चरला देतात. रिस्टोअर केलेली कॉपी मिळत असेल तर तीच घ्या. मिनिटं तपासा, कारण सेव्हन सामुराय पूर्ण 207 मिनिटांचा आहे आणि बाहेरच्या देशांत तो कापून दाखवला गेला होता, तर अडीच-पावणेतीन तासांची कॉपी दिसली की समजा अर्धवट आहे. आवाज मोठा ठेवा, ह्या पिक्चरांत पाऊस आणि वारा फार बोलतात. नावं पाठ करायच्या भानगडीत पडू नका, चेहरा, केस, कपडे लक्षात ठेवा, पुरतं. आणि स्पीड वाढवून बघणार असाल तर खरंच नका बघू, तेवढ्या वेळात झोपा.

मग ह्यानंतर सेव्हन सामुराय, 1954. गाव गरीब, दरोडेखोर चाळीस, आणि गावकरी पोटाला भात देऊन सामुराय आणायला निघतात. साडेतीन तास ऐकून घाबरू नका, पिक्चरमध्येच इंटरव्हल दिलेला आहे, तिथे थांबा, दुसऱ्या दिवशी पुढचं बघा, कुणी पोलिस येत नाही. पहिल्या भागात माणसं गोळा होतात आणि तयारी होते, बरेच जण ह्यालाच स्लो म्हणतात, पण हाच भाग जीव लावून बघा कारण शेवटच्या पावसातल्या लढाईत कोण कुठल्या बाजूला उभा आहे आणि कुठून घोडे येणार हे तुम्हाला पाठ असतं ते ह्याच्यामुळे. कानबेई, म्हणजे म्होरक्या, कागदावर दरोडेखोरांचे गोल काढून ठेवतो आणि मेला की फुली मारतो. आजच्या किती ॲक्शन पिक्चरमध्ये आपल्याला माहीत असतं की आता नक्की किती शत्रू उरलेत? तोशिरो मिफुनेचा किकुचियो सुरुवातीला नुसता माकडचाळे करणारा वाटतो. थांबा जरा. शेतकऱ्यांवर त्याचं एक भाषण आहे ते झाल्यावर बोलू. आणि हो, शोले आठवेलच, आठवू दे.

मारामारी आवडली तर मध्ये योजिंबो (1961) टाका, हलकाफुलका आहे, ह्याचीच गोष्ट उचलून इटलीत क्लिंट ईस्टवूडला घेऊन वेस्टर्न काढला आणि प्रकरण कोर्टकचेरीपर्यंत गेलं. राशोमोन (1950) फक्त 88 मिनिटांचा आहे, एका खुनाच्या चार जबान्या आणि चारही वेगळ्या. व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलला 1951 साली ह्याला गोल्डन लायन, म्हणजे तिथलं सगळ्यात मोठं बक्षीस, मिळालं आणि बाहेरच्या जगाचं जपानी सिनेमाकडे लक्ष गेलं ते तिथून. खरं सांगायचं तर ही युक्ती आता इतक्या जणांनी वापरलीये की धक्का पूर्वीइतका बसत नाही, पण जंगलातलं ऊन बघायला तरी बघा.

इकिरू (1952) मात्र सोडायचा नाही. कुरोसावाचाच. म्युनिसिपालिटीतला साहेब, तीस वर्षं नुसते शिक्के मारलेत, आणि कळतं की पोटाचा कॅन्सर आहे. सुरुवातीला वस्तीतल्या बायका गटाराची तक्रार घेऊन येतात आणि त्यांना ह्या खात्यातून त्या खात्यात फिरवतात तो सीन आपल्याकडे कुठल्याही ऑफिसात हेलपाटे मारलेल्या माणसाला वेगळा समजवायला नको. आणि मध्येच पिक्चर असं काही वळण घेतो की वाटतं आता उरलेला तास काय दाखवणार हे? तेच तर खरं आहे. उठू नका.

एवढं झालं की मग ओझू. दिग्दर्शक यासुजिरो ओझू. पण इथेही थेट टोकियो स्टोरी नको, आधी गुड मॉर्निंग (1959) घ्या, रंगीत आहे, दीड तासाचा, दोन पोरं टीव्ही आणून द्या म्हणून हट्ट करतात, बाप ओरडतो गप्प बसा, तर ती खरोखरच सगळ्यांशी बोलणं बंद करतात, आणि गल्लीतल्या बायकांचे त्यावरून गैरसमज. हसत हसत ओझूची पद्धत अंगवळणी पडते. कॅमेरा कायम खाली, चटईवर बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या पातळीला किंवा त्याहूनही खाली. बोलणारा माणूस जवळजवळ आपल्याकडेच बघून बोलतो. दोन सीनच्या मध्ये वाळत घातलेले कपडे, धुराडं, रिकामा बोळ. पहिल्यांदा वाटतं हे काय, ह्यात काही घडलं का? नाही घडलं. श्वास घ्यायला जागा आहे ती.

मग टोकियो स्टोरी, 1953. 2012 साली साईट अँड साऊंड मासिकाने जगभरच्या दिग्दर्शकांना विचारलं तेव्हा त्यांनी हा पहिल्या नंबरला ठेवला. गोष्ट म्हणाल तर ओनोमिचीहून म्हातारा-म्हातारी मुलांना भेटायला टोकियोला येतात, मुलांना वेळ नाही, मुलं त्यांना गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी पाठवून देतात, संपलं. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या आणि आता न्यू जर्सीच्या मुलांकडे महिनाभर राहून आलेल्या किती आईवडिलांची हीच गोष्ट आहे. पुढच्याच वर्षी आपल्याकडे राजा परांजप्यांचा ऊन पाऊस आला तो पण म्हातारपण आणि मुलं ह्यावरच, दोन्ही पाठोपाठ बघण्यासारखे आहेत. ओझूकडे ओरडाआरडा नाही, मुलं वाईट आहेत असंही तो म्हणत नाही, आणि म्हणूनच जास्त लागतं. बापाचं काम करणारा चिशू र्‍यू तेव्हा पन्नाशीचासुद्धा नव्हता, बघताना विश्वास बसणार नाही. हा रात्री लावा, एकटे किंवा दोघंच, आणि आई-वडिलांना फोन करायची वेळ असेल अशा बेताने संपवा.

दिग्दर्शक केंजी मिझोगुची शेवटी ठेवलाय कारण त्याला सगळ्यात जास्त धीर लागतो. उगेत्सू (1953) आधी, भुताची गोष्ट आहे म्हणून सोपा जातो, मग सान्शो द बेलिफ (1954). दुसरा फार जड आहे, भाऊ-बहीण गुलामीत विकले जातात, मूड बरा नसेल त्या दिवशी नको. कॅमेरा लांब राहतो, कट पटकन येत नाही, पण हाय अँड लोमध्ये लावलेली सवय इथे उपयोगी पडते, कोण कुठे आहे, कोण पाठ करून उभं आहे ते बघत राहा. आणि ज्यांना सामुरायमध्ये काडीचाही रस नाही त्यांनी मिकिओ नारुसेचा व्हेन अ वूमन असेंड्स द स्टेअर्स (1960) बघा, टोकियोच्या गिन्झा भागातल्या बारमध्ये काम करणाऱ्या विधवेची गोष्ट, हिदेको ताकामिने कमाल आहे.

मिळणार कुठे? स्ट्रीमिंगवर हे पिक्चर येतात आणि जातात, म्हणून मुबी वगैरेवर दिसला की लगेच बघून टाका. पुण्यात-मुंबईत राहत असाल तर आशय फिल्म क्लब, प्रभात चित्र मंडळ यांच्या कार्यक्रमांवर आणि पिफवर (पुणे इंटरनॅशनल फिल्म फेस्टिव्हल) लक्ष ठेवा. सेव्हन सामुराय कधी मोठ्या पडद्यावर लागला तर मात्र वरचा क्रम विसरा आणि सरळ तिकीट काढा.