वारंवार गर्भपात: गुणसूत्र तपासणीचा नमुना वाया घालवू नका

दोन गर्भपात झाले की तपासणीला लागा, आणि एकट्या सुनेची नव्हे, नवऱ्याचीही करा. वारंवार गर्भपात होणाऱ्या शंभरातल्या तीन-चार जोडप्यांत दोघांपैकी एकाच्या गुणसूत्रांचे (पेशीतल्या, जनुकं वाहणाऱ्या धाग्यांचे) तुकडे जागा बदललेले असतात. माणूस ठणठणीत, पण गर्भ टिकत नाही.

कॅरिओटाइपसाठी, म्हणजे गुणसूत्रांची संख्या आणि रचना पाहणाऱ्या तपासणीसाठी, दोघांचं ३ ते ५ मिली रक्त हिरव्या टोपणाच्या सोडियम हेपॅरिन नळीत घ्यायचं. जांभळ्या टोपणाची नळी चालत नाही. खानापूर-निपाणीकडून नमुना बेळगावला किंवा पुढे जाणार असेल तर तो गोठू देऊ नका, उन्हात तापू देऊ नका. पेशी जिवंत लागतात. म्हणून शनिवारी नमुना देणं टाळाच, रविवारी तो पडून राहतो. रिपोर्टला दोन-तीन आठवडे धरा.

पडलेल्या गर्भाचा भाग निर्जंतुक सलाइनमध्ये द्या. सवयीनं फॉर्मॅलिनमध्ये टाकला की पेशी मरतात, कल्चर होत नाही, म्हणजे लॅबमध्ये पेशी वाढवता येत नाहीत. ‘४६, एक्सएक्स’ (सामान्य स्त्रीची गुणसूत्रं) आलं तर आईच्याच पेशी मिसळल्या नाहीत ना, हे लॅबला विचारा. मायक्रोअरे या डीएनए तपासणीला जिवंत पेशी लागत नाहीत, पण आईबापांतली संतुलित अदलाबदल (तुकड्यांची जागा बदलली, पण काही कमी-जास्त झालं नाही अशी) त्यात दिसत नाही.

मामाशी किंवा मामेभावाशी लग्न झालं असेल तर आधीच सांगा; नात्यातल्या लग्नात दोघांत एकच सदोष जनुक असण्याची शक्यता जास्त. एका जनुकातला दोष कॅरिओटाइपमध्ये दिसत नाही. त्यासाठी एक्सोम तपासणी, म्हणजे जनुकांचा मजकूर वाचणारी तपासणी, वेगळी.