परसातला मुळा-गाजर खारात आंबवायचाय? असं करा

थंडीत परसातला मुळा सगळा एकदम तयार होतो हे ज्यांनी लावलाय त्यांना माहितीय, शेजारीपाजारी वाटून झाला, कोशिंबीर झाली, पराठे झाले तरी पाच-सहा उरतातच. मग मी ते खारात, म्हणजे मिठाच्या पाण्यात घालायला लागलो. फर्मेंटेशन म्हटलं की लोकांना काहीतरी फॉरेनचं वाटतं, पण आमच्या सांगलीकडं खारातल्या मिरच्या आणि कैऱ्या पहिल्यापासून आहेतच की, त्यातलंच हे.

सामान म्हणजे काचेची एक लिटरची बरणी, किचनचा वजनकाटा आणि खडेमीठ. वजनकाटा घ्याच, अंदाजानं मीठ टाकून माझी पहिली बरणी गिळगिळीत झाली होती.

मुळा, गाजर, पाहिजे तर थोडा फ्लॉवर नुसत्या साध्या पाण्यानं धुवायचा, गरम पाणी किंवा व्हिनेगर नको, कारण आंबवणारे जिवाणू भाजीच्या सालीवरच असतात, ते मेले तर आंबवणार कोण. बोटाएवढ्या फोडी करा. आता रिकामी बरणी काट्यावर ठेवून काटा शून्य करा, भाजी भरा, भाजी बुडेल एवढं पाणी घाला (नळाचं असेल तर आदल्या रात्री उकळून गार केलेलं, क्लोरीन नको) आणि जे वजन येईल त्याच्या अडीच ते तीन टक्के मीठ. म्हणजे भाजी-पाणी मिळून एक किलो भरलं तर २५ ते ३० ग्रॅम, उन्हाळ्यात ३० च धरा. त्यातलंच पाणी काढून मीठ विरघळवा आणि परत ओता. चार लसणाच्या पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, चमचाभर मोहरी. तासगावकडं कुणी पावणे असतील तर द्राक्षाची दोन पानं मागवा, त्यातल्या टॅनिनमुळं (तुरट द्रव्यामुळं) फोडी कडक राहतात, फक्त फवारणीच्या बागेतली नकोत, कुणाच्या दारातल्या वेलाची बघा.

सगळ्यात महत्त्वाचं, भाजी खाराच्या खाली बुडालेली पाहिजे. वर तरंगली की हवा लागून बुरशी. मी कोबीचं पान वर दाबून त्यावर छोटी काचेची वाटी ठेवतो. बरणी गळ्यापर्यंत भरू नका, दोन बोटं जागा सोडा, झाकण सैल लावा आणि खाली ताटली ठेवा. एकदा बीट घातलं होतं आणि झाकण घट्ट लावलं, तिसऱ्या दिवशी उघडलं तर फसफसून सगळा ओटा लाल, आईनं अजून ऐकवणं सोडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बारीक बुडबुडे दिसतील, खार गढूळ होईल, हे चांगलंच आहे. मुळ्याचा वास मात्र घरभर सुटतो, त्याला इलाज नाही. एप्रिलच्या सांगलीत दोन-तीन दिवसांत आंबट होतं, तेच साताऱ्याच्या थंडीत आठवडा लागतो, म्हणून दिवस मोजण्यापेक्षा रोज स्वच्छ चमच्यानं एक फोड काढून चाखा. आवडेल एवढी आंबट झाली की झाकण लावून फ्रिजमध्ये, तिथं महिनाभर आरामात टिकते.

वर पांढरा पातळ साय असल्यासारखा थर आला तर काढून टाका, चालतं. पण हिरवी, काळी, गुलाबी लव दिसली किंवा कुजल्यासारखा वास आला तर चाखत बसू नका, अख्खी बरणी टाकून द्या. लसूण निळसर झाला तर घाबरू नका, आंबटपणामुळं होतो. बीपीवाल्यांनी दोन-तीन फोडींवरच थांबावं, मीठ बरंच असतं.

भाकरी-पिठल्यासोबत भारी लागतं. आणि खाली उरलेला खार ओतून देऊ नका, आमची आई आता तो चमचाभर ताकात घालते, तीच आई जिला ओट्याचा राग आला होता.