बुली बीफ आणि भात: टिन उघडल्यापासून वीस मिनिटांत जमैकन जेवण

लंडनमध्ये ब्रिक्स्टनला मी ज्या घरात भाड्याने राहायचे, तिथल्या मालकीणबाई मूळच्या जमैकाच्या. एकदा कामावरून रात्री साडेनऊला घरी आले, तर त्या स्वयंपाकघरात टिन उघडत होत्या. ओट्यावर कांदा, दोन टोमॅटो, कांद्याची पात आणि पिवळीधमक, चपटी, घड्या पडलेली एक मिरची. दहाला पाच कमी असताना माझ्यापुढे ताट होतं: पांढरा भात, त्यावर लालसर, ओलसर, मिरपुडीचा वास येणारं परतलेलं मांस आणि बाजूला तळलेल्या पिकल्या केळ्याच्या चार चकत्या. पुढच्या दोन वर्षांत त्यांच्याकडून ही कृती इतक्यांदा बघितली, की आता मोजमाप करावं लागत नाही. ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी मात्र सगळं मोजून लिहिते आहे.

जमैकात टिनमधल्या या खारवलेल्या गोमांसाला ‘बुली बीफ’ म्हणतात. ‘बुली’ हा बहुधा फ्रेंच ‘बुइली’ म्हणजे ‘उकडलेलं’ या शब्दाचा अपभ्रंश. टिनवर लिहिलेलं असतं ‘कॉर्न्ड बीफ’, आणि त्यातल्या ‘कॉर्न’चा मक्याशी काही संबंध नाही. जाड्या मिठाच्या खड्यांना जुन्या इंग्रजीत ‘कॉर्न’ म्हणत, त्या खड्यांत मुरवलेलं ते कॉर्न्ड. मांसाचा गुलाबी रंग येतो तो मांस टिकवण्यासाठी घातलेल्या नायट्राइट या क्षारामुळे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांच्या खंदकांपर्यंत हे टिन पोचले. उरुग्वेतल्या फ्राय बेंतोस गावचा कारखाना त्यासाठी इतका नावाजला, की गावाचं नाव आणि टिनचं नाव एकच होऊन बसलं. कॅरिबियन बेटांवर हा टिन घरोघरी असतो, त्याचं एक कारण हवामानात आहे. तिथे १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ. वीज जाणार, फ्रीज बंद पडणार, रस्ते तुटणार हे गृहीत धरून फळीवर टिन भरून ठेवायचे, ही तिथल्या घराची बेगमी. सप्टेंबर १९८८ मधल्या ‘गिल्बर्ट’ वादळाबद्दल जुनी माणसं बोलायला लागली, की टिनमधल्या मांसाचा आणि बांगड्याचा विषय निघतोच. आपल्याकडे पावसाळ्याआधी सुकी मासळी भरून ठेवतात तसंच हे.

गोमांस न खाणाऱ्यांनी इथेच थांबू नये. टिनमध्ये कॉर्न्ड मटणही मिळतं, आणि त्याला हीच कृती जशीच्या तशी लागू पडते. दोन्ही नको असेल, तर टोमॅटोच्या रसातला बांगड्याचा टिन घ्या. तोही अस्सल जमैकन पदार्थच आहे. त्यात काय बदल करायचा ते पुढे सांगते.

आता मुख्य गोष्ट. टिनमधलं मांस आधीच पूर्ण शिजलेलं असतं. कारखान्यात टिन बंद केल्यावर तो पुन्हा उकळत्या पाण्याच्याही वरच्या तापमानाला तापवतात. म्हणून तर तो फळीवर वर्षानुवर्षं टिकतो. आपण मटणाच्या सवयीने त्याला अर्धा तास शिजवत ठेवलं, तर हाती येतो खारट लगदा. या पदार्थात शिजवायचा असतो तो कांदा, टोमॅटो आणि सुवास. मांस सगळ्यात शेवटी, पाच-सहा मिनिटांपुरतं. हे एवढं ध्यानात ठेवलं तर बाकीचं बिघडायला फारसा वाव नाही.

चौघांसाठी काय लागेल

३४० ग्रॅमचा एक टिन. एक मोठा कांदा, उभा चिरून. कांद्याच्या पातीच्या दोन-तीन काड्या, पांढरा भाग आणि हिरवा भाग वेगवेगळा. लसणाच्या तीन पाकळ्या ठेचून. दोन मध्यम टोमॅटो. अर्धी ढोबळी मिरची, शक्यतो लाल. थाइम या ओव्यासारख्या वासाच्या वनस्पतीच्या ताज्या चार-पाच काड्या. एक स्कॉच बॉनेट मिरची (सुरुवातीला सांगितली ती पिवळी, चपटी), अख्खी. अर्धा चमचा ताजी भरड मिरपूड, एक मोठा चमचा टोमॅटो केचप, एक मोठा चमचा तेल, पाव वाटी पाणी. भातासाठी दोन वाट्या लांब दाण्याचा तांदूळ.

मीठ यादीत नाही, आणि ते मी विसरलेले नाही. कॉर्न्ड बीफमध्ये शंभर ग्रॅममागे दोन ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. म्हणजे एका टिनमध्ये जवळजवळ सात ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते. तेव्हा एक टिन चौघांत वाटायचा आणि मांसात वरून कणभरही मीठ घालायचं नाही. मांसावर प्रक्रिया झालेली असल्यामुळे हे रोजचं जेवणही नव्हे. महिन्यातून एखादवेळचं आहे, आणि त्या एका वेळी ते नीट करावं.

थाइम आणि स्कॉच बॉनेट या दोन गोष्टी आपल्या बाजारात सहज मिळत नाहीत. थाइमबद्दल एक सोपी वाट आहे. कुंडीत ज्याची जाड, लवदार पानं असतात आणि ज्याची आपण भजी करतो तो पानओवा कॅरिबियनच्या पूर्वेकडच्या बेटांवर ‘स्पॅनिश थाइम’ किंवा ‘ब्रॉडलीफ थाइम’ म्हणून स्वयंपाकात वापरतात. थाइमला जो वास आहे त्यातलं थायमॉल हे द्रव्य आपल्या ओव्यातही असतं. म्हणून थाइम मिळालं नाही तर पानओव्याची दोन पानं बारीक चिरून घाला. एवढी बस्स, जास्त झाली तर तीच सगळ्यावर चढतात. ओव्याचे दाणे मात्र नकोत, त्यांनी भज्यांचा वास येतो.

स्कॉच बॉनेटला खरा पर्याय हबानेरो. दोन्ही एकाच जातीच्या मिरच्या. तिखटपणा जबर, पण त्याखाली पिकल्या जर्दाळूसारखा एक गोडसर फळांचा वास असतो, आणि या पदार्थाला हवा आहे तो हा वास. लवंगी मिरचीने तिखटपणा येईल, वास येणार नाही. काहीच मिळालं नाही तर एक जाडसर हिरवी मिरची अख्खी टाका आणि ढोबळी मिरची थोडी वाढवा.

आधी भात

तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुऊन, दुप्पट पाणी आणि चवीपुरतं अगदी थोडं मीठ घालून पातेल्यात शिजायला ठेवा. जमैकात रविवारी नारळाच्या दुधात राजम्यासारख्या दाण्यांबरोबर शिजवलेला भात करतात. बुली बीफबरोबर मात्र साधा पांढरा भातच शोभतो. मांस खारट आणि तेलकट, त्याला भाताची शांत चव लागते. भात सुटसुटीत हवा, आसट नको. आपला आंबेमोहोर कितीही आवडता असला तरी इथे चिकट होईल.

भातावर झाकण पडलं की टिनकडे वळा.

टिन उघडताना

हा टिन एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळता असतो. १८७५ मध्ये शिकागोत असा टिन निघाला, तो मांस अख्खं घसरून बाहेर यावं म्हणून. टिनच्या बाजूला चिकटवलेली छोटी किल्ली काढायची, पत्र्याच्या सुटलेल्या जिभेत अडकवायची आणि सरळ रेषेत गुंडाळत जायचं. घाई केली की पट्टी मध्येच तुटते. कडा वस्तऱ्यासारख्या धारदार असतात, तेव्हा हातात जाड फडकं धरा. पट्टी तुटलीच तर टिन ओपनरने दोन्ही टोकं कापा आणि एका बाजूने ढकला. मांस घसरत नसेल तर टिन दोन मिनिटं गरम पाण्यात उभा करा, आतली चरबी सैल होते.

फुगलेला, गळका किंवा शिवणीवर चेपलेला टिन उघडूच नका. टाकून द्या. चव घेऊन बघण्याचाही मोह नको.

बाहेर आलेल्या मांसाच्या कडेला पांढरी चरबी दिसेल. जास्त असेल तर चमच्याने खरवडून काढा, थोडी राहू द्या. मग मांस ताटलीत काट्याने मोडा. माझ्या मालकीणबाई ते कधीच भुगा होईपर्यंत मोडत नसत. बोराएवढे, सुपारीएवढे तुकडे ठेवायच्या. कढईत ते आपोआप विरघळतात, आणि काही तुकडे तसेच राहिले की खाताना दाताखाली मांस लागतं.

कढईत

जाड बुडाच्या कढईत तेल तापवा. एकच चमचा, कारण पुढे मांसाची चरबी सुटणार आहे. कांदा, पातीचा पांढरा भाग आणि ढोबळी मिरची घालून मध्यम आचेवर चार मिनिटं परता. आपल्या रश्श्यासारखा कांदा तांबूस करायचा नाही. तो पारदर्शक व्हावा आणि कडांना नुकता मऊ पडावा, मधे थोडा करकरीतपणा उरावा. लसूण घाला, अर्धं मिनिट. मग थाइमच्या काड्या अख्ख्याच टाका. पानं पुढे आपसूक गळतात, काड्या शेवटी उचलून घ्यायच्या.

आता टोमॅटो, मिरपूड, केचप आणि पाव वाटी पाणी. वर स्कॉच बॉनेट अख्खी, देठासकट ठेवा. या मिरचीबद्दल मालकीणबाई मला दर वेळी बजावायच्या: चिरू नकोस, टोचू नकोस, उलथन्याने दाबू नकोस. अख्खी मिरची वाफेत शिजली की तिचा वास कढईभर पसरतो आणि तिखट सालीच्या आत राहतं. फुटली तर मात्र जेवण चौघांचं राहत नाही. झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं. झाकण काढल्यावर टोमॅटो मऊ होऊन कांद्याभोवती दाटसर रस झालेला दिसला पाहिजे. पाणी सुटून पातळ वाटत असेल तर झाकण न ठेवता आणखी दोन मिनिटं आटवा. हे आटवणं आत्ताच करायचं, मांस घातल्यावर ती वेळ निघून गेलेली असते.

मग मांस. मिरची एका कडेला सारा, मांसाचे तुकडे घाला आणि खालून वर हलक्या हाताने फिरवा. पहिल्या मिनिटाला ते कोरडं वाटेल, लगेच पाणी ओतू नका. दुसऱ्या मिनिटाला चरबी वितळायला लागते, मांसाला चकाकी येते, कडेने बारीक चरचर ऐकू येते आणि सगळं एकमेकांना धरतं. पाच मिनिटांत काम झालं. कढईत उलथन्याने रेघ ओढली तर ती क्षणभर तशीच राहावी आणि मग हळूच भरून यावी, इतपत ओलावा हवा. आता चव घ्या. खारट वाटलं तर एक टोमॅटो चिरून घाला किंवा वाटीभर बारीक चिरलेला कोबी टाकून तीन मिनिटं झाका. बुली बीफमध्ये कोबी घालणं जमैकातही रूढ आहे, आणि त्याने एक टिन सहा जणांना पुरतो.

मिरची आणि थाइमच्या काड्या उचला, वर पातीचा हिरवा भाग भुरभुरवा. उचललेली मिरची फेकू नका. ज्याला झेपते त्याने ताटात घेऊन काट्याने जराशी फोडावी.

एक विनंती. गरम मसाला, हळद, धणे-जिरे यांचा डबा उघडू नका. ते घातलं की चांगला खिमा होईल, पण थाइम, मिरपूड आणि स्कॉच बॉनेट या तिघांची जी एकत्र चव आहे ती दबून जाईल. एकदा तरी मसाल्याशिवाय करून बघा.

बांगड्याचा टिन असेल तर

कांदा-मिरची-थाइम तसंच परतायचं. टोमॅटो एकच घ्या आणि केचप वगळा, कारण टिनमध्ये रस असतोच. तो रस आधी ओतून उकळी आणा, मग मासे अलगद सोडा. काट्याने मोडू नका. तीन मिनिटं झाकण, आणि शेवटी लिंबू पिळा. मधले काटे मऊ झालेले असतात, ते खाता येतात.

ताटात सोबत काय

बांगड्याबरोबर भातापेक्षा उकडलेली हिरवी केळी जास्त खुलतात. कच्च्या केळ्यांची टोकं कापून सालीला उभी चीर द्यायची, मिठाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकडायची, मग साल काढायची. पाण्यात चमचाभर तेल टाकलं की पातेल्याला चीक धरत नाही.

बुली बीफबरोबर मला तळलेलं पिकं केळंच हवं असतं. तिथे प्लँटन, म्हणजे शिजवून खायचं मोठं केळं, वापरतात. आपली राजेळी त्याच कुळातली, आणि केरळी दुकानात मिळणारं नेंद्रनही चालतं. साल काळी पडायला लागलेलं केळं घ्या, तिरक्या चकत्या करा, तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी तांबूस होईपर्यंत भाजा. खारट मांस आणि गोड केळं एका घासात घेतलं की हे दोन्ही एकाच ताटात का येतात ते कळतं. हिरवं काही हवं असेल तर माठाची भाजी करा. जमैकात ‘कॅललू’ म्हणतात तो राजगिरा-माठाच्याच जातीतला पाला, कांदा-लसूण आणि थाइमवर वाफवलेला.

उरलं तर टिनमध्ये परत भरू नका. काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवलं तर दोन दिवस चांगलं राहतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तव्यावर कोरडं परतून, कडा कुरकुरीत झाल्यावर, जाड कापलेल्या पावात घालून खा. मालकीणबाईंच्या घरी त्यासाठी दोन चमचे मांस मुद्दाम बाजूला काढून ठेवलेलं असायचं.