वर्गात मतभेद शिकवताय? या चुका टाळा

‘एकमेकांच्या मताचा आदर करा’ असं फळ्यावर लिहून चर्चा सुरू केली की दोनपैकी एक होतं: मागच्या बाकांवरून हुर्यो, नाहीतर सगळा वर्ग चिडीचूप. आदर सांगून येत नाही, त्याचा सराव करून घ्यावा लागतो.

पहिली गडबड विषयातच होते. ‘मोबाइल: शाप की वरदान’ दिलं की पाठ केलेली भाषणं ऐकायला मिळतात. त्यापेक्षा दादरचा कबुतरखाना, म्हणजे कबुतरांना दाणे घालायची जागा, हा विषय घ्या. २०२५ मध्ये पालिकेने तो ताडपत्रीने झाकला तेव्हा मुंबईत केवढा वाद झाला! वर्गात कुणाची आजी रोज दाणे घालणारी असते, कुणाच्या घरी कबुतरांचा त्रास होणारा दम्याचा पेशंट असतो. इथे मुलं मनापासून बोलतात.

दुसरी चूक सगळ्यात महागात पडते: लगेच उत्तर देऊ देणं. आपल्याकडे शास्त्रार्थात, म्हणजे पंडितांच्या वादात, आधी पूर्वपक्ष म्हणजे समोरच्याची बाजू मांडायची रीत होती, तीच वर्गात आणा. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत सांगायचं, ‘बरोबर मांडलं का?’ विचारायचं आणि तो ‘हो’ म्हणाला तरच पुढे बोलायचं.

‘तू म्हणतेस, कबुतरं उपाशी मेली तरी चालतील.’

‘असं कुठे म्हटलं मी? वस्तीत दाणे घालू नका म्हटलं.’

‘बरं, म्हणजे वस्तीपासून लांब घातले तर चालतील?’

‘हो.’

अर्धं भांडण इथेच मिटतं. उरतो तो खरा मतभेद. साठ मुलांच्या वर्गात हे चौघाचौघांच्या गटातच जमतं.

‘तुमच्या मताचा आदर आहे, पण...’ हे वाक्य पाठ करून घेऊ नका. मुलं ते एका दिवसात शिकतात आणि त्याच्याआड हवं ते बोलतात. ‘हे तुला कशावरून वाटतं?’ हा प्रश्न शिकवा.

टिळक-आगरकरांचं उदाहरण देताना सगळं गोडगोड करू नका. आगरकरांनी ‘केसरी’ सोडून १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढलं. पुढचे वाद चांगलेच जिव्हारी लागणारे होते. ते कुठे घसरले, हे मुलांनाच शोधू द्या.

आवाज चढले तर ओरडू नका. दोन मिनिटं सगळ्यांना वहीत लिहायला लावा. शेवटी हात वर करून कोण जिंकलं हेही ठरवू नका. समोरच्याचा कोणता मुद्दा खोडता आला नाही, ते एका ओळीत लिहून घ्या.

आणि ‘मॅडम, मला नाही पटत’ म्हणणाऱ्याला ‘जास्त शहाणा झालास का?’ म्हणून खाली बसवलंत, तर दुसऱ्या दिवशी एकही हात वर येणार नाही.