झारचं सिंहासन आठ दिवसांत कसं पडलं, हे वर्गात कसं शिकवावं

लालबागच्या एका रात्रशाळेत मी अठरा वर्षं इतिहास शिकवते आहे. रशियन राज्यक्रांतीचा धडा आला की सुरुवातीची काही वर्षं मी कारणं उतरवून द्यायचे: निरंकुश सत्ता, महायुद्धातले पराभव, महागाई, अन्नटंचाई. मुलं पाठ करायची, मार्क मिळवायची. एकदा शिवणकामाच्या कारखान्यातून थेट वर्गात येणाऱ्या एका मुलीनं विचारलं, "बाई, ही कारणं तर आधीपासून होतीच ना? मग राजा त्याच आठवड्यात का पडला?" मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री घरी जाऊन मी माझ्या टिपणवह्या बाजूला ठेवल्या आणि रशियाचा फेब्रुवारी १९१७ एकेक दिवस करून वाचायला घेतला. आता मी तो तसाच शिकवते. चार तासिका लागतात.

पहिल्या तासिकेला पाव आणा. आमच्या वर्गात तीसेक मुलं असतात. मी कोपऱ्यावरच्या बेकरीतून पावाच्या सहा लाद्या घेते. दोन टेबलावर ठेवते, चार कपाटात. मुलांना व्हरांड्यात रांगेत उभं करायचं, एकेकाला एकेक पाव द्यायचा आणि बारा पाव संपले की "संपले" एवढंच म्हणायचं. मागच्यांचे चेहरे बघा, पुढच्यांचेही बघा. दोन मिनिटांच्या वर मात्र हे ताणू नका. रात्रशाळेतलं मूल दिवसभर काम करून, बहुतेक वेळा काही न खाता आलेलं असतं. त्याच्या भुकेशी खेळ करायचा नाही. कपाट उघडा, सगळ्यांना पोटभर द्या आणि खाता खाता पेट्रोग्राडची, म्हणजे रशियाच्या तेव्हाच्या राजधानीची, गोष्ट सुरू करा.

तिथल्या बायका बारा-बारा तास गिरणीत राबून कडाक्याच्या थंडीत पावाच्या रांगेत उभ्या राहत होत्या. देशात धान्य नव्हतं असं नाही. रेल्वे युद्धात अडकली होती, इंधन कमी होतं, माल शहरापर्यंत पोचत नव्हता. २३ फेब्रुवारीला, महिला दिनाच्या दिवशी, व्हायबोर्ग भागातल्या कापड गिरण्यांतल्या बायका काम टाकून बाहेर पडल्या. पुढाऱ्यांनी तर त्या दिवशी संप करू नका असंच सांगितलं होतं. बायकांनी ऐकलं नाही. शेजारच्या लोखंडाच्या कारखान्यांसमोर उभ्या राहून त्यांनी पुरुषांना हाका मारून बाहेर काढलं. माझी आजी गिरणीत वाइंडिंग खात्यात होती, त्यामुळे हा भाग सांगताना माझा आवाज जरा चढतो. चढू द्यावा. गिरणगावातल्या मुलांना हे कळायला हवं की तीनशे वर्षांच्या गादीला पहिला धक्का सूत काढणाऱ्या आणि कापड विणणाऱ्या बायकांनी दिला.

तारखांचा घोळ इथेच मिटवा. रशियाचं जुनं कॅलेंडर तेरा दिवस मागे होतं. त्यांचा २३ फेब्रुवारी म्हणजे आपला ८ मार्च. फळ्यावर दोन्ही तारखा लिहून ठेवा, पुढच्या तासिकांनाही पुसू नका.

२४ तारखेला दोन लाखांच्या आसपास कामगार संपावर होते. पोलिसांनी नेव्हा नदीवरचे पूल अडवले, तेव्हा लोक गोठलेल्या नदीवरून चालत शहराच्या मध्यात आले. आपल्या मुलांनी गोठलेली नदी पाहिलेली नसते. त्यांना सांगा, समजा माहीमचा कॉजवे पोलिसांनी बंद केला आणि खाडीचा बर्फ झालेला आहे. मग कॉजवे अडवून काय होणार? नकाशा न काढता हे लगेच कळतं.

दुसरी तासिका १९०५ ला द्या. शहर तेच, झार तोच, निकोलस दुसरा. रविवार, ९ जानेवारी. हजारो निःशस्त्र कामगार बायकापोरांसह, हातात देवाच्या तसबिरी आणि खुद्द झारचं चित्र घेऊन, गपोन नावाच्या धर्मगुरूमागे हिवाळी राजवाड्याकडे अर्ज द्यायला निघाले. सैन्यानं गोळ्या घातल्या. सरकारी आकड्यानुसारच १३० माणसं मेली. वर्षभर देश पेटला होता, तरी गादी टिकली. डिसेंबरमध्ये मॉस्कोत उठाव झाला तेव्हा राजधानीतून सेम्योनोव्स्की रेजिमेंट पाठवली गेली आणि तिनं तो चिरडला. आता मुलांना विचारा: १९०५ मध्ये काय होतं जे १९१७ मध्ये नव्हतं? दहा मिनिटं गप्प बसा. माझ्या वर्गात कुणी म्हणतं भूक, कुणी म्हणतं राग. दोन्ही दोन्ही वेळा होतं. उत्तर सांगायची घाई करू नका, तिसरी तासिका त्यासाठीच आहे.

तिसऱ्या तासिकेला मी दिवे अर्धे घालवते आणि फक्त एक रात्र सांगते. झार तेव्हा मोगिल्योव्हला लष्करी मुख्यालयात होता. तिथून त्यानं २५ तारखेला तार केली की राजधानीतली दंगल उद्याच्या उद्या थांबवा. २६ तारखेला, रविवारी, व्होलिन्स्की रेजिमेंटच्या तुकडीनं झ्नामेन्स्काया चौकात गर्दीवर गोळ्या झाडल्या. चाळीसेक माणसं पडली. सरकारला वाटलं, जमलं.

ते शिपाई रात्री बराकीत परतले. बराकी खच्चून भरलेल्या. शहरात दीड लाखाहून जास्त सैनिक होते आणि त्यांतले बरेचसे ताजे भरती केलेले शेतकरी, आघाडीवर मरायला जायची वाट बघणारे. चौकात पडलेल्या बायका त्यांच्या आयांसारख्याच होत्या. किरपिच्निकोव्ह नावाच्या सार्जंटनं बाकीच्या सार्जंटांना गोळा केलं आणि त्यांचं ठरलं: उद्या गोळी झाडायची नाही. सकाळी अधिकारी लाश्केविच आला, तेव्हा तुकडीनं बाहेर जायला नकार दिला. तो माघारी वळला आणि अंगणातच गोळी लागून मेला. मग हे शिपाई शेजारच्या बराकींकडे धावले, प्रिओब्राझेन्स्कीकडे, लिटोव्स्कीकडे. रात्रीपर्यंत हजारो शिपाई लोकांत मिसळले होते. १९०५ आणि १९१७ मधला फरक तो हा. गर्दी दोन्हीकडे होती, बंदूक एकीकडेच खाली आली.

इथेच कोसॅकांचं, म्हणजे गर्दी अडवायला पाठवलेल्या झारच्या घोडेस्वारांचंही सांगा. पहिल्याच दिवसांत कामगार त्यांच्या घोड्यांच्या पोटाखालून वाकून पलीकडे गेले आणि घोडेस्वार खोगिरावर हलले नाहीत.

आमच्या वर्गात एका टॉवरवर वॉचमनची नोकरी करणारा मुलगा होता. घोड्याखालून जाणारे कामगार ऐकून तो म्हणाला, "बाई, घरकामाच्या मावश्यांना लिफ्टमध्ये सोडू नकोस अशी मला ऑर्डर होती. एक दिवस अडवलं. चौदा मजले त्या गुडघेदुखीनं चढून गेल्या. दुसऱ्या दिवशी मी गेटकडे तोंड करून उभा राहिलो." वर्ग शांत झाला. मी त्यावर काही बोलले नाही, तुम्हीही बोलू नका. अशी वाक्यं मुलांनाच सांभाळू द्यावीत.

चौथी तासिका छोटी पुरते. राजधानी गेली म्हणून झार गाडीनं परत निघाला. पुढची स्टेशनं बंडवाल्यांच्या हातात गेल्याची बातमी मालाया विशेराला आली आणि राजाची गाडी वळवून प्स्कोव्हला न्यावी लागली. लोकल अडकली की काय होतं हे ज्यांना रोज कळतं, त्या मुलांना हे फार समजावावं लागत नाही. सेनापती अलेक्सेयेव्हनं आघाड्यांवरच्या सेनानींना तारा करून मत विचारलं. सगळ्यांनी सांगितलं, गादी सोडा. २ मार्चला रेल्वेच्या डब्यात निकोलसनं सही केली, स्वतःसाठी आणि आजारी मुलासाठीही. गादी भाऊ मिखाईलला दिली.

मुलं लगेच लेनिनचं विचारतील. तो तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये होता एवढं सांगून थांबा. फेब्रुवारीची क्रांती आणि लेनिनची ऑक्टोबरमधली क्रांती यांची खिचडी केली की दोन्ही कळत नाहीत, ऑक्टोबरला वेगळा आठवडा द्या.

मग ३ मार्च. मिखाईलनंही मुकुट नाकारला. फळ्यावर १९१७ लिहा, खाली रोमानोव्ह गादीवर आले ते साल १६१३ लिहा आणि वजाबाकी मुलांना करू द्या.