घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करताय? मग या चुका टाळा

सगळ्यात जास्त घोळ प्रश्नांमधे होतो. "आपला जन्म कधी झाला, शिक्षण किती, जीवनातला अविस्मरणीय प्रसंग सांगा" असं विचारलं की एरवी ओट्यावर तासन्‌तास बोलणारे नाना पण गप्प होतात आणि मग आपण म्हणतो त्यांना काही आठवतच नाही. आठवतं हो सगळं, पण तारखेने नाही आठवत. कितीतरी जणांची कागदावरची जन्मतारीख १ जून असते कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच टाकून दिली, त्यावरून काय हाती लागणार? त्यापेक्षा १९७२ चा दुष्काळ धरा. तेव्हा लग्न झालं होतं का, दुष्काळी कामावर खडी फोडायला घरातलं कोण जायचं, बाहेरून आलेल्या मिलो ज्वारीची भाकरी कशी लागायची. नाहीतर आखाजी धरा, म्हणजे आपल्या खान्देशातली अक्षय्य तृतीया. सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्यांचं, साल आखाजीला बदलायचं, लेकी माहेरी यायच्या, म्हणून "त्या आखाजीला तुम्ही कोणाकडे सालाने होते?" एवढं विचारलं तरी अख्खी गल्ली बोलण्यात येते.

दुसरी चूक मला जास्त लागते. मोबाईल समोर ठेवला की माणसं 'शुद्ध' बोलायला लागतात, आणि आपणही पुस्तकी मराठीत विचारून त्यांना अजून अवघडून टाकतो. घरात खान्देशातली अहिराणी असेल तर अहिराणीतच विचारा, लेवा बोली असेल तर त्यातच. "मंग काय व्हयनं?" (मग काय झालं?) एवढं म्हणून गप्प बसलं तरी पुढचं येतं. आणि नंतर लिहून काढताना तर अजिबात सुधारू नका, त्यांनी जसं म्हटलं तसंच लिहा, अर्थ हवा तर बाजूला द्या. आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, त्या म्हणायच्या आणि मुलाने, सोपानदेवांनी, घरच्यांनी ते टिपून ठेवलं, त्यांच्याच बोलीत. त्या १९५१ ला गेल्या, कविता छापून आल्या १९५२ ला. तेव्हा कोणी ते साफसूफ करून प्रमाण मराठीत लिहिलं असतं तर आज आपल्याकडे काय राहिलं असतं सांगा.

आता आवाजाचं. सगळे गावी जमतात उन्हाळ्यात, आणि जळगाव-भुसावळकडे तेव्हा पारा ४४-४५ ला, म्हणजे कूलर चालूच. रेकॉर्डिंगमधे नुसती घरघर येते. पण म्हाताऱ्या माणसाला गरमीत बसवून कूलर बंद करायचा नाही, तेवढं पाप करू नका, त्यापेक्षा सकाळी चहा झाला की लगेच बसा, तेव्हा डोकंही ताजं असतं. स्लॅबच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, तिथे गोधड्या-गाद्या टाकून बसा, जुनं धाब्याचं (मातीच्या छताचं) घर असेल तर प्रश्नच नाही. मोबाईल फ्लाईट मोडवर टाका नाहीतर मधेच फोन येऊन रेकॉर्डिंग थांबतं, खिशात ठेवू नका, घडी घातलेल्या टॉवेलवर हातभर अंतरावर ठेवा. आधी एक मिनिट रेकॉर्ड करून इअरफोनने ऐका. हे न करता दोन तास बोलायला लावणं म्हणजे त्या माणसाची मेहनत वाया घालवणं.

आजी काही बोलतच नाही? बघा, खोलीत कोण कोण आहे. आजोबा शेजारी बसले असतील तर "तूच सांग" म्हणून ती उठून जाईल. तिला वेगळं गाठा, बिबडे (ज्वारीचे पापड) वाळत घालताना, शेंगा फोडताना, हात कामात असला की तोंड मोकळं होतं. मागे थोडा खडखडाट आला तरी चालेल. मधेच थांबली तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, बहुतेक खरी गोष्ट त्या थांबण्यानंतरच येते. रडू आलं तर रेकॉर्डिंग बंद करून पाणी द्या, पुन्हा सुरू करायचं का ते तिलाच विचारा.

भाऊबंदकी, वाटणी, मोडलेलं लग्न असलं काही निघालं तर ते फॅमिली ग्रुपवर टाकायच्या आधी स्पष्ट विचारायचं, यातलं काय ठेवू, काय काढू. यात तडजोड नको.

फाईलचं नाव 'न्यू रेकॉर्डिंग ७' असं सोडू नका. तारीख, नाव, गाव टाका. १२८ केबीपीएस क्वालिटीने तासभराची फाईल साधारण ५८ एमबी होते, म्हणजे जागेचं कारण नाही, लॅपटॉप, पेनड्राईव्ह आणि गूगल ड्राईव्ह, तिन्हीकडे ठेवा. गावापुढे जिल्हा लिहिताना गोंधळ होतो, जुन्या कागदावर 'पश्चिम खान्देश' (धुळे जिल्ह्याचं जुनं नाव) असतं, आजोबा 'धुळे जिल्हा' म्हणतात आणि गाव आज नंदुरबारमधे, कारण १ जुलै १९९८ ला जिल्हा वेगळा झाला. त्यांनी म्हटलेलं आणि आजचं, दोन्ही लिहा.

आणि रेकॉर्डिंग महिनोन्‌महिने पडू देऊ नका. त्याच आठवड्यात त्यांच्याशेजारी बसून पुन्हा ऐका, कारण 'लंगड्या जिभाऊ' म्हणजे कोणत्या घरातले, 'आंब्याचं वावर' म्हणजे कोणाच्या बांधाला लागून, 'जुनी विहीर' बुजवली ती कोणती, हे तुम्हाला सांगणारं दुसरं कोणी नाही.